दिनविशेषाचा फळा तुमच्या गळ्यात पडला असेल, तर

तुम्ही पुण्यात नवीन राहायला आलात, सोसायटीच्या पहिल्याच मीटिंगला "माझं अक्षर बरं आहे" असं बोलून गेलात आणि आता खडूचा डबा आणि ओला फडका तुमच्या ताब्यात आला आहे. अभिनंदन वगैरे नंतर. आधी एक ध्यानात घ्या, या गावात फळ्यावरचं लोक वाचतात. नुसतं वाचून थांबत नाहीत. घरी जाऊन खात्री करतात आणि परत खाली येऊन काय चुकलं ते सांगतात.

मी गेली अकरा वर्षं आमच्या पेठेतल्या एका वाचनालयाबाहेर दिनविशेष लिहितो. पहिल्याच वर्षी जूनमध्ये मी ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : '२२ जून १८९७ – चाफेकर बंधूंनी रँडला गणेशखिंडीत ठार केलं.' सकाळी साडेसातला दुधाची पिशवी हातात घेतलेले एक आजोबा थांबले. "गोळी बावीसला. मेला तीन जुलैला. जागीच गेला तो आयर्स्ट." एवढं बोलून चालू पडले.

त्यांचं बरोबर होतं. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव होता. गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमधला, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीतला, समारंभ आटोपून गोरे अधिकारी रात्री परतत होते. दामोदर चाफेकरांनी प्लेग कमिशनर रँडवर गोळी झाडली, बाळकृष्णांनी लेफ्टनंट आयर्स्टवर. रँड त्यानंतर अकरा दिवस जगला. मी 'ठार केलं' पुसून 'गोळ्या झाडल्या' लिहिलं. साल सहसा कुणी चुकत नाही हो. भांडण असतं ते दिवसावरून. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा दिवसालाच दिली आहे.

पहिली पायरी : सामान

तीन बाय चार फुटांचा फळा पुरतो. त्याहून मोठा मिळाला तर तो भरायचा मोह होतो. खडू साखरेच्या पाण्यात थोडा वेळ भिजवून घ्या. ओला असताना अक्षर फिकं दिसतं, वाळल्यावर ठळक उठतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या बाहीला लागून पुसलं जात नाही. रेघा सरळ येण्यासाठी सुतळीला खडू चोळा, दोन्ही टोकं ताणून धरा आणि मधे टिचकी मारा. पावसाळ्यात फळा आत घ्या. बाकी या पायरीत काही नाही.

दुसरी पायरी : वही करा, फॉरवर्डवर जगू नका

रोज सकाळी फोनवर 'आजचे दिनविशेष' म्हणून पंधरा ओळी येतात. त्या थेट फळ्यावर उतरवू नका. त्यातल्या निम्म्या ओळींचा तुमच्या गल्लीशी संबंध नसतो आणि उरलेल्यांतली एखादी साफ चुकीची असते.

एक फुलस्केप वही घ्या, ३६६ पानं करा (२९ फेब्रुवारीला विसरू नका) आणि वाचाल तसं त्या त्या पानावर टाकत जा. माहिती कुठे मिळाली ते शेजारी लिहा. ही सवय पहिल्या महिन्यात कंटाळवाणी वाटते, आजोबांनी अडवलं की कामी येते.

या कामाला पुण्यासारखं गाव नाही. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, विधी महाविद्यालय रस्त्याला भांडारकर संस्था आहे. गंमत म्हणजे या दोघी जुलैच्या लागोपाठच्या पानांवर येतात : भांडारकर ६ जुलै १९१७ ची, मंडळ ७ जुलै १९१० चं. पुणे नगर वाचन मंदिर तर १८४८ पासून आहे. कुठल्याही जुन्या ग्रंथालयात गेलात की काउंटरवर नीट सांगा, "फळ्यासाठी तारीख बघायची आहे." हे कारण पुण्यात चालतं. घरबसल्या बघायचं तर मराठी विश्वकोश बरा.

जुनी वर्तमानपत्रं चाळताना एक खड्डा टाळा. अंकावरची तारीख ही घटनेची तारीख नसते. पानशेतचं धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला, बुधवारी सकाळी. छापील सविस्तर बातम्या त्यानंतरच्या. आणि 'केसरी' सुरुवातीला साप्ताहिक होता, दर मंगळवारी निघायचा, त्यामुळे त्यातली बातमी सहा दिवस शिळी असू शकते. पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा. वार काढून बघा, मंगळवारच येतो. त्याच्या दोन दिवस आधी, रविवारी, 'मराठा' हे इंग्रजी पत्र निघालं होतं.

तिसरी पायरी : दिवस नक्की कुणाच्या हिशेबाने?

इथे जरा बसून वाचा.

दोन वर्षांपूर्वी १० जानेवारीला मी लिहिलं : '१७३० – बाजीराव पेशव्यांनी शनिवारवाड्याची पायाभरणी केली. त्या दिवशी शनिवार होता.' दुपारी शाळेतून आलेला पाचवीतला एक मुलगा दप्तर पाठीवर तसंच ठेवून फळ्यासमोर उभा राहिला, आईचा फोन घेतला, कॅलेंडरमध्ये बोट घासत घासत १७३० पर्यंत गेला आणि म्हणाला, "काका, मंगळवार आहे."

फोन खरंच मंगळवार दाखवतो. आणि पायाभरणी शनिवारीच झाली होती. दोघंही खरे, कारण कॅलेंडर दोन आहेत. इंग्रज १७५२ पर्यंत जुनं, ज्युलियन कॅलेंडर वापरत. त्या साली त्यांनी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर धरला आणि अकरा दिवस गाळून नव्या, ग्रेगोरियन कॅलेंडरवर आले. शिवकाळातल्या आणि सुरुवातीच्या पेशवाईतल्या ज्या इंग्रजी तारखा आपल्या पुस्तकांत रुळल्या आहेत, त्या जुन्या पद्धतीच्या आहेत. फोन मात्र आजचंच कॅलेंडर उलटं मागे नेतो. १० जानेवारी १७३० ला अकरा दिवस मिळवा. २१ जानेवारी येतो. आता फोनमध्ये तो बघा : शनिवार. वाड्याची वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची, त्यातही अकरा मिळवलेत की २ फेब्रुवारी, पुन्हा शनिवार. मी त्या मुलाकडूनच हे करून घेतलं. तो खूश झाला, त्याच्या आईची बॅटरी संपली.

सतराव्या शतकासाठी हा फरक दहा दिवसांचा. म्हणजे लाल महालावरचा छापा ५ एप्रिल १६६३ चा, तो नव्या हिशेबाने १५ एप्रिल. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा, तो १६ जून. फळ्यावर मात्र रुळलेली तारीखच लिहा. नाहीतर ६ जूनला फळा कोरा आणि १६ जूनला राज्याभिषेक असं करून बसाल, आणि मग तुम्हाला कुणी वाचवू शकणार नाही. हे सगळं आपल्यासाठी, वार विचारला गेला तर उत्तर देता यावं म्हणून.

दुसरा हिशेब तिथीचा. शिवजयंती दोनदा का, हे नवीन माणूस पहिल्याच वर्षी विचारतो. जेधे शकावलीतली (म्हणजे जेधे घराण्याकडच्या, तिथीवार घटनांच्या जुन्या यादीतली) जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. त्याची तारीख १९ फेब्रुवारी १६३०. सरकारी शिवजयंती तारखेला, आणि तिथी मानणारे ती फाल्गुनात करतात. तिथी दरवर्षी इंग्रजी तारखेत पुढेमागे होते, म्हणून वहीत तिथीसाठी वेगळी पानं ठेवा : तुकाराम बीज फाल्गुन वद्य द्वितीयेला, ज्ञानेश्वर माउलींची संजीवन समाधी कार्तिक वद्य त्रयोदशीला. भिंतीवरच्या कालनिर्णयात बघून दर महिन्याच्या सुरुवातीला त्या त्या तारखेला चिकटवून घ्यायच्या. फळ्यावर कंसात 'तिथीप्रमाणे' किंवा 'तारखेप्रमाणे' लिहिलं की अर्धे प्रश्न मिटतात.

शकाचं सन करायचं गणित सोपं आहे, पण फसवं. शकात ७८ मिळवा. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६; ७८ मिळवले, १६७४. बरोबर. पण शक गुढीपाडव्याला बदलतो आणि सन १ जानेवारीला. त्यामुळे जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या घटनेला ७९ मिळवायचे. शके १५५१ चा फाल्गुन म्हणूनच १६३०. इथे ७८ मिळवून महाराजांना एक वर्ष आधी जन्माला घातलेला फळा मी स्वतः पाहिला आहे. कुठला ते सांगत नाही.

या दोन हिशेबांच्या सांध्यात एक लाडकं वाक्य अडकलेलं आहे : 'ऐन संक्रांतीच्या दिवशी पानिपत झालं.' पानिपताची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, पौष शुद्ध अष्टमी. आज संक्रांत १४-१५ जानेवारीला येते म्हणून आपण दोन्ही जोडतो. पण संक्रांत इंग्रजी कॅलेंडरात हळूहळू पुढे सरकत आली आहे, साधारण साठ-सत्तर वर्षांत एक दिवस. १७६१ मध्ये ती १० जानेवारीच्या आसपास होती. लढाईच्या दिवशी संक्रांत होऊन गेलेली होती. हे वाक्य गाळलंत तर एकदोन जण हळहळतील. हळहळू द्या.

तिसरा हिशेब मध्यरात्रीचा. आपला पारंपरिक दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, घड्याळाचा मध्यरात्रीपासून. लोकमान्य टिळक मुंबईला सरदारगृहात गेले ते मध्यरात्र उलटल्यावर, म्हणून तारीख १ ऑगस्ट १९२०. ज्यांच्या मनात 'एकतीसची रात्र' बसली आहे, ते वाद घालतील. ऐकून घ्या, तारीख बदलू नका. त्याच १ ऑगस्ट १९२० ला वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले. इतकी वर्षं लिहितोय, दोन नावं एका दिवशी अशी एकाखाली एक लिहिताना हात अजून जरा थांबतो.

चौथी पायरी : पंधरातलं एक निवडा

२४ सप्टेंबरचं पान उघडून दाखवतो. माझ्या वहीत त्या दिवशी हे आहे : १८७३, महात्मा फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. १९३२, येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार. १८६१, मादाम कामांचा जन्म. १९६९, राष्ट्रीय सेवा योजना सुरू. २००७, जोहान्सबर्गला पाकिस्तानला पाच धावांनी हरवून भारत पहिला ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. २०१४, मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरलं.

सगळं लिहिलंत तर कुणीच काही वाचणार नाही. मी विचार असा करतो : हे वाचणारा माणूस संध्याकाळी कुठून परत येणार आहे? येरवड्याच्या बसमधून. गंज पेठेतल्या फुलेवाड्यावरून. मग पुण्याचे दोन ठेवतो आणि बाकीचे सोडतो. शाळेचा फळा असता तर मंगळयान वर घेतलं असतं. क्रिकेट लिहायची गरज नसते, ते पोरांना पाठ असतं.

फळ्यावर शेवटी जे गेलं ते असं :

'२४ सप्टेंबर
१९३२ – पुणे करार. येरवडा तुरुंगात गांधीजींच्या उपोषणाचा पाचवा दिवस. दलितांना स्वतंत्र मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा. प्रांतिक कायदेमंडळांत ७१ ऐवजी १४८. डॉ. आंबेडकर, पं. मालवीय आदींच्या सह्या.
१८७३ – याच गावात, याच दिवशी, सत्यशोधक समाजाची स्थापना.'

यातला शब्द न् शब्द खर्डा करून ठरवलेला आहे. 'गांधी आणि आंबेडकरांनी सही केली' असं सर्रास लिहिलं जातं. गांधीजींची त्यावर सही नाही. 'पाचवा दिवस' कारण उपोषण २० सप्टेंबरला सुरू झालं. ७१ हा आकडा १६ ऑगस्टला ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांनी जाहीर केलेल्या जातीय निवाड्यातला, म्हणजे स्वतंत्र मतदारसंघ देणाऱ्या निर्णयातला. तो दिला नाही तर १४८ कशाच्या तुलनेत, ते कळत नाही. 'ऐतिहासिक', 'थोर', 'सुवर्णाक्षरांनी' हे शब्द नाहीत. या करारावर पुढे खुद्द बाबासाहेबांनी कडक टीका केली, तेव्हा तुमच्या-माझ्या विशेषणाला तिथे काम नाही.

आणि उपोषण सुटलं २६ सप्टेंबरला, सरकारने करार मान्य केल्यावर. रवींद्रनाथ टागोर तेव्हा तिथे हजर होते. हे २६ च्या पानावर जातं. एकाच दिवशी सगळं संपवू नका, उद्याही फळा भरायचा आहे.

जानेवारीचा पहिला आठवडा फुकट मिळतो : एकला कोरेगावची लढाई (१८१८), दोनला फर्ग्युसन महाविद्यालय (१८८५), तीनला सावित्रीबाईंची जयंती (१८३१), चारला केसरी. उलट काही दिवशी मोठं नाव एवढं मोठं असतं की दुसऱ्याला जागाच उरत नाही. १९ फेब्रुवारीला गोपाळ कृष्ण गोखले पुण्यातच वारले, १९१५ साली. दरवर्षी बिचारे शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात. मी त्यांना ९ मे ला, त्यांच्या जयंतीला, अख्खा फळा देऊन टाकतो.

पाचवी पायरी : एक बारीक गोष्ट हवी

नुसतं 'शस्त्रक्रिया झाली' लिहिलं तर डोळा घसरतो. १२ जानेवारी १९२४ चं बघा. येरवड्याचे कैदी असलेल्या गांधीजींची ससून रुग्णालयात रात्री अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. कर्नल मॅडॉक शस्त्रक्रिया करत होते, मधेच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरं करावं लागलं. 'कंदील' हा एक शब्द फळ्यावर असला की रिक्षावालासुद्धा मान वळवतो. अशी एक गोष्ट शोधा, दोन नकोत.

पण खरी आणि सांगोवांगीची वेगळी ठेवा. ३० ऑगस्टला सगळे 'ध'चा 'मा' शोधत येतात. १७७३ साली त्या दिवशी गारद्यांनी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून केला, हा इतिहास. आनंदीबाईंनी पत्रात 'धरावे'चं 'मारावे' केलं, ही आख्यायिका. मी खाली 'असं सांगतात' लिहून कंस करतो. वर्षातून एकदा कुणीतरी येऊन त्यावरून भांडतंच.

घरच्या आठवणींनाही जागा द्या. जुन्या पेठांत अजून 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतच्या नंतर' अशी वर्षं मोजणारी माणसं आहेत. १२ जुलैच्या आदल्या आठवड्यात तुमच्या बिल्डिंगमधल्या आजींना गाठा. पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, काय उचललं, काय राहिलं, एवढंच विचारा. लिहिताना वर ठळक 'आठवण' लिहा आणि त्यांना विचारून मगच नाव घाला.

शब्दांचं थोडक्यात : गेलेल्यांची जयंती, हयात असलेल्यांचा वाढदिवस. हयात माणसाची जयंती लिहिलीत तर फोन येतो, आणि तो त्यांच्या घरून येतो. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन. 'शंभर वर्षं पूर्ण' आणि 'शताब्दी वर्ष' यांत घोळ नको. ससूनच्या त्या शस्त्रक्रियेला १२ जानेवारी २०२४ ला शंभर वर्षं पूर्ण झाली, शंभरावं वर्ष त्याआधी वर्षभर चालू होतं. वध, हत्या, खून यांतला शब्द निवडणं म्हणजे बाजू घेणं असतं. शंका आली की क्रिया लिहा : गोळी झाडली, वार केला, फाशी दिली.

सहावी पायरी : चुकीसाठी कोपरा

फळ्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकोन आखा आणि वर लिहा, 'चूक दिसल्यास इथे लिहावी. तोंडी सांगू नये.' शेवटचं वाक्य पुणेरी आहे, तुम्ही गाळलंत तरी चालेल. चूक खरी निघाली तर नुसती पुसून टाकू नका. दुसऱ्या दिवशी 'काल आमचं चुकलं' म्हणून दुरुस्ती लिहा. मूळ नोंदीपेक्षा ती जास्त वाचली जाते.

रँडवाले आजोबा आता वरच्या मजल्यावरून खाली येत नाहीत, नातीबरोबर चिठ्ठी पाठवतात. पाचवीतला तो मुलगा सातवीत गेला. जुन्या तारखांचे वार काढून द्यायचं काम त्याच्याकडे आहे, आणि १७५२ च्या अलीकडची की पलीकडची हे तो मला विचारल्याशिवाय सुरूच करत नाही.

चौकोनाशेजारचा खडू मात्र सुतळीने खिळ्याला बांधून ठेवा. आमच्याकडचे तीन गेले.